ज्याच्या नावावर बिल नाही, त्याच्या थंडीचे काय?



गळीत हंगाम आणि हिवाळा आपल्याकडे जोडीनेच येतात. कारखान्याचा बॉयलर पेटतो त्याच सुमारास घराघरांत गोधड्या बाहेर निघतात. पाणी तापवायला चुलीत दोन लाकडे जास्त जातात, सिलिंडर चार दिवस आधी संपतो, आणि रात्रपाळीची लाईट असली की उसाला पाणी द्यायला गेलेला गडी कानाला मफलर गुंडाळून बांधावर कुडकुडत उभा राहतो. थंडीचा खर्च आपल्याला नवा नाही. पण नुसत्या थंडीपायी घर कर्जात गेले, असे आपल्या मुलखात सहसा ऐकू येत नाही.

थंड देशांत ते घडते. इंग्लंडात २०२२-२३ च्या हिवाळ्यात ते फार मोठ्या प्रमाणावर घडले, आणि तिथल्या सरकारने लोकांना मदतही तितकीच मोठी केली. ती मदत कोणाला मिळाली आणि कोणाला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, विलायतेच्या बिलाशी आपले काय देणे-घेणे? आम्हांस वाटते, आहे. एक तर आपल्या भागातली कितीतरी पोरेपोरी तिकडे शिकायला, नोकरीला गेलेली आहेत. दुसरे असे की महागाईत सरकारने मदत द्यायची ती कुठल्या वाटेने, हा प्रश्न तिकडे आणि इकडे एकच आहे. तिकडच्या दोन हिवाळ्यांची हकीकत सांगून आम्ही शेवटी आपल्याच फडावर येणार आहोत. तेव्हा सभासदांनी थोडा धीर धरून वाचावे, ही विनंती.

थंडी आणि गॅस

इंग्लंडात दहांपैकी आठांहून अधिक घरे गॅसवर तापतात. प्रत्येक घरात भिंतीला एक लहानसा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो आणि ते गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरते. ऑक्टोबर ते मार्च हे चालू ठेवावेच लागते. नाही ठेवले तर भिंतींना ओल धरते, बुरशी येते, म्हातारी माणसे आणि तान्ही मुले दुखण्याने पडतात. त्यातून तिथली घरे पुष्कळशी जुनी. ऊब भिंतींतून, फटींतून निघून जाते. फुटक्या पाटाने पाणी सोडल्यासारखे म्हणा ना; सोडलेले पाणी सरीत पोचायच्या आतच मुरून जाते आणि पंपाचे बिल मात्र पुरते येते.

२०२१ च्या मध्यापासून गॅसचे भाव चढू लागले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, रशियाकडून युरोपला जाणारा गॅस आटत गेला आणि भाव भडकले. तिकडे विजेचा भावही बहुतेक वेळा गॅसच्या भावावरच ठरतो, त्यामुळे गॅसबरोबर वीजही पेटली.

तिथे ऑफजेम नावाची सरकारी नियामक संस्था आहे. घरगुती गॅस आणि वीज यांचा जास्तीत जास्त दर काय असावा, हे ती २०१९ पासून बांधून देते. त्या दराने साधारण घराचे वर्षाचे बिल किती होईल, तेही ती सांगते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो आकडा होता १,२७७ पौंड. एप्रिल २०२२ मध्ये झाला १,९७१. ऑक्टोबर २०२२ साठी जाहीर झाला ३,५४९, आणि जानेवारी २०२३ साठी ४,२७९. हिशेबाच्या सोयीसाठी पौंडाला शंभर रुपये धरा. म्हणजे सव्वा वर्षात सव्वा लाखाचे बिल सव्वाचार लाखांवर. पगार तेच, पेन्शन तेच.

पोट भरायचे की घर तापवायचे, अशी पाळी लाखो कुटुंबांवर आली. गावोगावची वाचनालये आणि चर्च यांनी त्या हिवाळ्यात दिवसभर दारे उघडी ठेवली, का तर घरी शेगडी लावणे ज्यांना परवडत नाही त्यांनी निदान तिथे येऊन उबेला बसावे. श्रीमंत देशातली ही गोष्ट आहे, हे ध्यानात घ्यावे.

भाव बांधला, बिल नव्हे

इथे एक घोटाळा झाला, तो ऊस उत्पादकाला चटकन समजेल. ऑफजेमने आकडा जाहीर केला की लोकांना वाटायचे, आपले बिल याच्यावर जाणार नाही. पण बांधलेला असतो तो युनिटचा दर. जास्त जाळले तर बिल जास्तच येणार. आपल्या एफआरपीसारखेच ते आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरली, म्हणून प्रत्येकाच्या खात्यावर सारखीच रक्कम पडत नाही. उतारा किती, टनेज किती, तोडणी-वाहतूक किती कापली, यावर ती ठरते. आपल्याला हे पाठ आहे. तिकडे मात्र खुद्द पंतप्रधानांनीच मुलाखतींतून ‘कोणाचेही बिल अडीच हजार पौंडांवर जाणार नाही’ अशा अर्थाचे बोलून ठेवले आणि मग दुरुस्ती करता करता सगळ्यांची पुरेवाट झाली. सरकारी आकडा ऐकताना तो कशाचा आहे, दराचा की रकमेचा, हे आधी विचारावे, एवढा धडा यातून घ्यायला हरकत नाही.

सरकारने हात दिला

८ सप्टेंबर २०२२ रोजी पंतप्रधान लिझ ट्रस यांनी पार्लमेंटात मोठी घोषणा केली. त्याच दिवशी राणी एलिझाबेथ वारली, त्यामुळे ती बातमी थोडी झाकली गेली. घोषणा अशी की १ ऑक्टोबरपासून साधारण घराचे वर्षाचे बिल २,५०० पौंडांच्या आसपास राहील असा युनिटचा दर सरकार बांधणार, आणि खरा भाव व हा दर यांतला फरक सरकार कंपन्यांना भरून देणार.

आपल्या युरियाची गोणी आठवा. ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळत आली आहे. ती बनवायला किंवा बाहेरून आणायला लागणारा खर्च त्याच्या कितीतरी पट. मधला फरक दिल्लीचे सरकार कारखान्यांना देते. गिऱ्हाइकाला भाव दिसतो, अनुदान दिसत नाही. इंग्लंडने गॅसचे तेच केले.

याशिवाय प्रत्येक घराला ४०० पौंड सूट दिली, ऑक्टोबर ते मार्च अशा सहा हप्त्यांत, थेट विजेच्या बिलातून वजा. गरिबीचा भत्ता घेणाऱ्या कुटुंबांना वेगळे ६५० पौंड, पेन्शनरांच्या घरांना ३००, अपंगांना १५०. त्या हिवाळ्यात साधारण घराच्या बिलाचा जवळजवळ निम्मा भार आपण उचलला, असे तिथल्या सरकारने सांगितले. पैशाचा काही भाग तेल-गॅस काढणाऱ्या कंपन्यांच्या अवचित नफ्यावर जादा कर बसवून उभा केला, बाकीचे कर्ज.

आम्ही मोकळेपणाने म्हणतो, काम मोठे झाले. ते झाले नसते तर अनर्थ झाला असता. मदत वेळेवर आली, बहुतेकांना अर्जही करावा लागला नाही. बिलातच वजा होऊन आली, मध्ये कोणाच्या हाताला लागली नाही. आपल्याकडच्या योजना राबवणाऱ्यांनी यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

हात कुठे पोचला नाही

पण मदत बिलावर बसून आली, म्हणून ती जिथे बिल जाते तिथेच गेली.

तिकडे सुमारे चाळीस लाख घरांत आधी पैसे भरून चालवायचे मीटर आहेत. दुकानात जायचे, कार्डावर पैसे भरायचे, कार्ड मीटरला लावायचे. पैसे संपले की वीज, गॅस बंद. तार तोडायला कोणी येत नाही, नोटीस येत नाही; घरातला माणूस स्वतःच अंधारात बसतो. हे मीटर बहुतेक गरिबांच्याच घरी. कायम आकार रोज चढत राहतो, वापर असो वा नसो. उन्हाळ्यात गॅस बंद ठेवलेल्या घराने थंडी पडल्यावर कार्डात दहा पौंड भरले, की त्यातले आधी साचलेल्या आकारात कापले जातात आणि शेगडीला उरतात ते थोडके.

यांतल्या जुन्या मीटरवाल्यांना ४०० पौंडांची सूट बिलातून देता येईना, कारण बिलच नाही. म्हणून टपालाने व्हाउचर पाठवली. ती दुकानात नेऊन वटवायची. कोणाचा पत्ता बदललेला, कोणी पाकीट जाहिरात समजून टाकून दिले, कोणाला कळलेच नाही. मुदत संपत आली तरी लाखो व्हाउचर वटवायची राहिली होती. उलट, बिल थकले म्हणून कोर्टाचे वॉरंट काढून लोकांच्या घरात शिरून असे मीटर बसवण्याचे प्रकार २०२३ च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांनी उघडकीस आणले, तेव्हा कुठे नियामकाने ते थांबवायला सांगितले. एक हात पैसे देत होता, दुसरा दार फोडत होता.

आपल्या राज्यात सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे शासनाने २०२४ साली जाहीर केले. तो विषय पुन्हा निघेल तेव्हा सभासदांनी इंग्लंडचा हा अनुभव आठवावा.

याहून वाईट गत झाली ती ज्यांच्या नावावर मीटरच नाही त्यांची. चाकांच्या घरांच्या वसाहतीत राहणारे, कालव्यातल्या होड्यांवर संसार करणारे, घरमालकाच्या मीटरवर जगणारे भाडेकरू. आणि वाचकांना नवल वाटेल, पण याच यादीत काही शेतकरीही होते. त्यांचे घर शेताच्या धंद्याच्या मीटरवर होते, म्हणून सरकारच्या लेखी ते ‘घर’ नव्हते. या सगळ्यांसाठी वेगळा अर्ज ठेवला. तो सुरू झाला २७ फेब्रुवारी २०२३ रोजी, म्हणजे हिवाळा उतरणीला लागल्यावर. अशी कुटुंबे नऊ लाखांवर असतील असा सरकारचाच अंदाज होता. ३१ मे रोजी अर्जाची मुदत संपली तेव्हा त्यांतल्या निम्म्यांहून कितीतरी कमी लोकांचे अर्ज आले होते. बाकीचे ४०० पौंड सरकारी तिजोरीतच राहिले. खेड्यात गॅसची नळी पोचत नाही, तिथली घरे रॉकेलसारख्या तेलावर तापतात. त्यांच्या २०० पौंडांच्या मदतीचेही असेच झाले. पुष्कळांना ती फेब्रुवारीत मिळाली आणि राहिलेल्यांना त्यानंतर अर्ज करायला सांगितले.

युनिटच्या दरात दिलेल्या सवलतीचा दुसराही एक गुण आहे. जो जास्त जाळतो त्याला ती जास्त मिळते. दहा खोल्यांच्या बंगल्याला सरकारने दोन खोल्यांच्या घरापेक्षा कितीतरी जास्त मदत केली. युरियाच्या दहा गोण्या उचलणाऱ्याला दहा गोण्यांचे अनुदान, एक उचलणाऱ्याला एकीचे, तसेच हे.

चाळणी फार बारीक केली तर

मग कोणी म्हणेल, सरसकट देऊ नका, निवडून निवडून गरजूंनाच द्या. तेही इंग्लंडने करून पाहिले.

तिथे १९९७ पासून म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात जळणासाठी रक्कम मिळत आली आहे. घरटी २०० पौंड, ऐंशी वर्षांपुढच्यांना ३००. गरीब-श्रीमंत सगळ्यांना. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारच्या अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी जाहीर केले की इंग्लंड आणि वेल्समध्ये यापुढे ही रक्कम फक्त ‘पेन्शन क्रेडिट’ आणि तसे काही भत्ते घेणाऱ्यांनाच मिळेल. एक कोटीहून अधिक लोकांची यादी सरकारच्या अंदाजाने पंधरा लाखांवर येणार होती.

वरवर पाहता यात वावगे काही नाही. बंगलेवाल्या म्हाताऱ्याला कशाला द्यायचे? पण ‘पेन्शन क्रेडिट’चा अर्ज दोनशेहून अधिक प्रश्नांचा होता. त्याला पात्र असूनही तो न घेणारी कुटुंबे आठ लाख ऐंशी हजारांपर्यंत असतील, असे सरकारचेच म्हणणे होते. म्हणजे सगळ्यांत गरीब, सगळ्यांत एकटी आणि कागदाला घाबरणारी जी म्हातारी, तीच नेमकी चाळणीतून खाली पडली. मर्यादेच्या चार पैसे वर असलेलीही गेली. आरडाओरडा इतका झाला की जून २०२५ मध्ये सरकारने पाऊल मागे घेतले. २०२५-२६ च्या हिवाळ्यापासून रक्कम पुन्हा सगळ्या पेन्शनरांना द्यायची आणि वर्षाला ३५,००० पौंडांवर उत्पन्न असलेल्यांकडून ती करातून परत घ्यायची, असे ठरले.

हा उपाय आम्हांला शहाणपणाचा वाटतो. देताना दार मोठे ठेवा, नको त्याला गेलेले मागून वसूल करा. दारात उभे करून गरिबाला दोनशे प्रश्न विचाराल तर तो आल्या पावली परत जाईल. ज्याला ती रक्कम नसली तरी चालते तो मात्र वकील लावून आत येईल.

आता आपल्या दाराशी

२०२२ साली जो भाव इंग्लंडात भडकला तोच वळणे घेत आपल्या स्वयंपाकघरात आला. आपल्या देशाला लागणाऱ्या घरगुती गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो. मार्च २०२३ मध्ये मुंबईत १४.२ किलोचा सिलिंडर अकराशे रुपयांच्या वर गेला. सरकारने इथेही हात दिला. उज्ज्वलाच्या सिलिंडरला मे २०२२ पासून २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये सूट मिळू लागली. २०२४ साली राज्याने अन्नपूर्णा योजनेत पात्र बहिणींना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचे ठरवले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज जाहीर झाली. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांचा त्यात समावेश होता. घराच्या छपरावर सौर पाट्या बसवायला केंद्राने २०२४ च्या योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठेवले.

या योजनांचा लाभ आपल्यातल्या अनेकांनी घेतला आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. शेतकरी काही फुकट खाणारा नव्हे.

पण या प्रत्येक योजनेच्या उंबरठ्यावर काय लिहिले आहे ते पाहा. पंप पाहिजे तर विहीर पाहिजे, नावावर कनेक्शन पाहिजे. सौर पाट्यांना स्वतःचे पक्के छप्पर पाहिजे, मीटर पाहिजे. सिलिंडरला एजन्सीचे पुस्तक पाहिजे, आणि ती एजन्सी राहत्या गावात पाहिजे. इंग्लंडासारखीच आपली मदतही बिलावर, मीटरवर आणि पत्त्यावर बसून येते.

आणि ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही असा माणूस कुठे राहतो? लांब जायला नको. तो आपल्या फडाच्या कडेला राहतो.

कोपीतला अंधार

दिवाळी झाली की बीड, नगर, जालना, परभणी या भागांतून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बरोबर तान्ही मुले, कधी म्हातारी आई. माळावर, नाहीतर कारखान्याच्या तळावर बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकचा कागद यांची कोपी उभी राहते. चार-पाच महिने तेच घर. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारठा आपल्याला पक्क्या घरात सोसत नाही. त्या कोपीत वारा चारी बाजूंनी येतो.

बाई पहाटे तीन-चारला उठते. तीन दगडांची चूल, काट्याकुट्याचे जळण, डोळ्यांत धूर. भाकऱ्या थापून, पोराला गोधडीत गुंडाळून उजाडायच्या आत ती फडात हजर असते. जळण गोळा करायला वेगळा वेळ नाही. फडावरून परतताना डोक्यावर मोळी. पाचटाच्या भिंती आणि त्याला लागून चूल, त्यामुळे आगीची धास्ती कायमची. रात्री उजेड म्हणजे बॅटरी, नाहीतर मोबाईल. तो मोबाईल चार्ज करायलाही पोराला दुकानाच्या दारात उभे राहावे लागते.

यांतल्या पुष्कळ बायांच्या नावावर उज्ज्वलाचे कनेक्शन आहे, पण ते गावाकडे. शेगडी तिकडे कुलपात आणि बाई इथे चुलीपुढे. सरकारी वहीत ती गॅसवाली म्हणून नोंदलेली आहे. गावाकडच्या घराला मीटर असेल तर त्याचा कायम आकार तिकडे चढतच असतो, ती इथे अंधारात असली तरी. इंग्लंडातला कार्डवाला आणि ही बाई यांच्यात आम्हांला फार फरक दिसत नाही.

आता एक गोष्ट आम्ही स्पष्ट लिहितो, कोणाला बोचली तरी. तिने तोडलेला ऊस गव्हाणीत पडतो, रस निघतो, उरलेला भुसा बॉयलरमध्ये जातो. पूर्वी त्या वाफेवर कारखाना चालला की आपले समाधान व्हायचे. आता राज्यातल्या बऱ्याच कारखान्यांनी सहवीजनिर्मिती उभी केली. उरलेली वीज महावितरणला विकली जाते आणि त्या उत्पन्नाचा आपण अहवालात अभिमानाने उल्लेख करतो. ती वीज गावात, शहरात जाते. ज्या हातांनी तो ऊस तोडला त्यांच्या कोपीत मात्र ती पोचत नाही, आणि कारखान्याचा झगमगाट कोपीच्या दारातून दिसत असतो. १९५० साली लोणीत प्रवरेचा पहिला सहकारी कारखाना सुरू झाला तेव्हापासून आपण म्हणत आलो की साखर सावकाराच्या नव्हे, कष्टकऱ्याच्या हिताची असावी. कष्टकरी म्हणजे फक्त सातबारावाला, असे कोणी ठरवले नव्हते.

आक्षेप आणि उत्तरे

‘ते मुकादमाची माणसं, कारखान्याची नव्हेत,’ असे म्हटले जाते. करार मुकादमाशी असेल, पण ऊस कोणाचा तोडतात? टोळी आली नाही की चेअरमनपासून चिटबॉयपर्यंत सगळ्यांचे फोन आपणच खणाणतो. टोळी तापाने पडली की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा जातो. तेव्हा ती माणसे आपली होतात. थंडीत मात्र मुकादमाची.

‘कारखाने टनामागे दहा रुपये ऊसतोड कामगार महामंडळाला देतातच,’ हा दुसरा आक्षेप. खरे आहे. शासनानेही तेवढेच घालायचे ठरलेले आहे, आणि त्यातून मुलांची वसतिगृहे उभी राहत आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. पण महामंडळाचा रुपया फिरून कोपीपर्यंत येईस्तोवर हंगाम संपतो. होडीवाल्यांचा अर्ज फेब्रुवारीअखेर निघाला तसा. थंडी मंजुरीची वाट पाहत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. हिशेब करू. पाच लाख टन गाळप धरले तर टनामागे एक रुपया म्हणजे पाच लाख रुपये. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला शंभर रुपये येतात. चहा-पाण्याला याहून जास्त जातात. एवढ्यात सगळे होणार नाही, पण सुरुवात होईल.

‘आकडे टाकतील, वीज चोरतील,’ असेही कोणी म्हणेल. सरळ वाटेने मिळत नाही तिथे आकडा पडतो. आपल्या वाडीवस्त्यांवर तारा आल्या तेव्हा आपल्याबद्दलही हेच बोलले गेले होते. ते विसरू नये.

आमची सूचना

संचालक मंडळाने आणि सभासदांनी पुढील गोष्टींचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट, तळावर दिवे. कारखान्याच्या आवारातल्या आणि जवळच्या तळांवर खांब उभे करून कारखान्याच्याच नावावर मीटर घ्यावा. दर आठ-दहा कोप्यांमागे एक दिवा आणि मोबाईल चार्ज करायची एक जागा. लांबच्या फडांवरच्या कोप्यांना सौर कंदील नोंद करून द्यावेत आणि पट्टा पडल्यावर परत घ्यावेत.

दुसरी, गॅस. उज्ज्वलाच्या २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबाला पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःचे लेखी निवेदन चालते, अशी तरतूद केली गेली. ही गोष्ट किती टोळ्यांना ठाऊक आहे? ज्यांच्याकडे कनेक्शनच नाही त्यांच्यासाठी हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात एजन्सीवाल्याला तळावर बोलावून नोंदणी करावी. ज्यांचे कनेक्शन गावाकडे आहे त्यांच्यासाठी पाच किलोचा लहान सिलिंडर आहे. तो ओळखपत्रावर मिळतो, पण त्याला सूट नाही. म्हणून त्यातला काही भार कारखान्याने उचलावा. सकाळची एक भाकरी जरी धुराविना झाली तरी त्या बाईचा तास वाचेल आणि डोळेही.

तिसरी, पांघरूण आणि आडोसा. कोपीला चांगली ताडपत्री आणि घरटी दोन घोंगड्या. ही कोणावर उपकार केल्यासारखी हार-तुऱ्यांनी वाटू नयेत. तोडणीच्या करारातच लिहावीत.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, यादी. प्रत्येक टोळीत माणसे किती, मुले किती, म्हातारी किती, तळ कुठे, हे शेतकी खात्याच्या स्लिपबॉयला तोंडपाठ असते. ते कागदावर आणा. अर्ज मागू नका, पुरावे मागू नका. टोळी हजर झाली की नाव आपोआप लागले पाहिजे. चुकून एखादी ताडपत्री जास्त गेली तर कारखाना बुडत नाही. एखादे पोर गारठ्याने गेले तर मात्र कुठल्याही अहवालात ते लिहिता येणार नाही.

शासनाकडे जे मागायचे ते मागूच. उज्ज्वलाचा सिलिंडर हंगामापुरता या गावी उचलायची सोय सोपी करा, टोळ्यांना स्थलांतराच्या काळात इथे लाभ द्या, हे ठराव वार्षिक सभेत घ्यावेत. पण सरकारचे पैसे ज्या वाटेने येतात ती वाट मीटरपर्यंत येऊन थांबते, हे इंग्लंडच्या अनुभवावरून आपल्याला कळले आहे. तिथून पुढची शे-दोनशे पावले गावाने, संस्थेने, शेजाऱ्याने चालायची असतात. इंग्लंडात वाचनालयांनी दारे उघडली. आपल्याकडे ते काम सहकाराचे आहे.

यावर सभासदांची मते वेगळी असू शकतील. ती जरूर कळवावीत. विरोधी पत्रेही आम्ही छापू. फक्त एक विनंती. मत लिहिण्याआधी एकदा पहाटे चार वाजता आपला ऊस जिथे तुटतो आहे तिथल्या तळावर जाऊन यावे, आणि जाताना स्वेटर घरी ठेवून जावे.

जय सहकार.